सिग्नल पकडायचा कुठे: हँडलर, पाइप, सिग्नलएफडी की वेगळा थ्रेड?

लिनक्सवर सी किंवा सी प्लस प्लसमध्ये एखादी सर्व्हिस लिहिताय, ती चोवीस तास चालणार, आणि रिव्ह्यूमध्ये कोणीतरी लिहिलंय की सिगटर्म, म्हणजे "आता आवरतं घे" असं प्रोसेसला सांगणारा सिग्नल, नीट हँडल कर. मग शोधायला जावं तर पाच रस्ते दिसतात आणि प्रत्येक रस्त्यावर एकजण उभा असतो की बाबा हाच बरोबर. मी हे पाचही कधी ना कधी वापरलेत, दोनदा चांगला तोंडावर आपटलोय, त्या हिशोबाने सांगतो.

आधी एक गोष्ट, कारण सगळी निवड तिच्यावरच आहे. सिग्नल आला की कर्नल तुमचा प्रोग्राम असेल तिथे अडवतो, हँडलर (त्या सिग्नलसाठी तुम्ही लावलेलं फंक्शन) चालवतो आणि मग परत त्याच जागी सोडतो. असेल तिथे म्हणजे खरंच कुठेही हां. मेमरी मागणाऱ्या मॅलॉकच्या मधोमध, लॉक हातात असताना, लिस्टचा एक पॉइंटर बदललाय आणि दुसरा बदलायचाय अशा वेळी. कढईत तेल तापलंय, मोहरी तडतडतेय आणि बेल वाजली, तर दार उघडून "आलो हं" म्हणून परत यायला काही हरकत नाही, पण पाहुण्याची भजी त्याच कढईत त्याच तेलात सोडायला गेलात तर फोडणीही गेली आणि भजीही. हँडलरमधून प्रिंटएफ, मॅलॉक, सिस्टिमच्या लॉगमध्ये लिहिणारं सिसलॉग असलं काही बोलावणं म्हणजे हेच. पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या स्टँडर्डमध्ये, हँडलरमधून बोलावायला सेफ असलेल्या फंक्शनांची यादीच आहे, त्यात राइट आहे, प्रिंटएफ नाही.

माझा किस्सा ऐका. सिगहप हा सिग्नल आला की कॉन्फिग फाइल परत वाचायची, आणि ते वाचणं मी सरळ हँडलरमध्येच लिहिलं होतं. कित्येक महिने मस्त चाललं. मग एका रात्री लॉग फाइली बदलणाऱ्या लॉगरोटेटने नेहमीसारखा सिगहप पाठवला आणि प्रोसेस जी गप्प झाली ती झालीच, सीपीयू शून्य, क्रॅश नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. जीडीबी डीबगर लावून बॅकट्रेस, म्हणजे कोणी कोणाला बोलावलं ती साखळी, काढला तर खालून वर असं दिसत होतं: आमचं पार्सिंगचं फंक्शन, त्यावर मॅलॉक, त्यावर "सिग्नल हँडलर कॉल्ड" अशी ओळ, त्यावर माझा हँडलर, त्यावर एफओपन, त्यावर परत मॅलॉक, आणि सगळ्यात वर लॉकची वाट बघणं. म्हणजे एकच थ्रेड स्वतःच घेतलेल्या लॉकसाठी स्वतःच रांगेत उभा. बाकीच्या थ्रेडना पण मेमरी लागली की ते याच्या मागे.

आणि हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. जुलै २०२४ मध्ये सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या ओपनएसएसएचमधली रिग्रेशन नावाची भानगड बाहेर आली ती हीच. लॉगिनला ठरलेला वेळ, डीफॉल्ट १२० सेकंद, संपला की सिगअलार्म हा टायमरचा सिग्नल यायचा, त्याच्या हँडलरमधून सिसलॉग बोलावलं जायचं, जीलिबसीमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, सिसलॉग आतून मॅलॉक वापरतं, आणि त्या फटीतून बाहेरचा माणूस लॉगिन न करता थेट रूट होऊ शकत होता. वाईट म्हणजे हीच चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाली होती, ८.५पी१ व्हर्जनमध्ये परत आली, आणि ९.८पी१ मध्ये परत बुजवली. एवढ्या जपून लिहिलेल्या कोडमध्ये हे होतं तर आपण कोण.

तेव्हा माझं सरळ मत असं की खरा प्रश्न कुठलं फंक्शन हा नाहीच, सिग्नल आल्याची खबर साध्या कोडपर्यंत कशी पोचवायची हा आहे. आता एकेक बघू.

सिग्नल नावाचं जुनं फंक्शन सगळ्यात आधी सापडतं, कारण कॉलेजच्या लॅबमध्ये तेच शिकवतात. त्याची अडचण अशी की ते कसं वागणार हे सिस्टिमवर आहे. जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये एकदा सिग्नल आला की हँडलर निघून जायचा, दुसऱ्यांदा आला की प्रोग्राम खलास. बीएसडी युनिक्समध्ये हँडलर टिकायचा. लिनक्सवर जीलिबसी बीएसडीसारखं वागवते, पण खालचा कर्नलचा कॉल मात्र सिस्टिम फाइव्हसारखाच आहे. मॅन पेजच सांगतं की सगळीकडे चालेल असा याचा उपयोग दोनच कामांना, डीफॉल्ट वागणूक लावायला नाहीतर दुर्लक्ष करायला. मी सिगपाइपकडे (समोरचं टोक बंद झालेल्या पाइप किंवा सॉकेटमध्ये लिहिलं की येणारा सिग्नल) दुर्लक्ष करायची एक ओळ लिहायला ते वापरतो, बास. नवीन कोडमध्ये याच्या पलीकडे काही नाही.

सिगॲक्शन, म्हणजे हँडलर लावायचं नवं फंक्शन, आणि एक फ्लॅग. छोट्या कामाला हे पुरतं. हँडलरमध्ये वोलाटाइल सिगअटॉमिक प्रकारचा एक व्हेरिएबल १ करायचा, बस, आणि मेन लूपने तो बघायचा. कमांड लाइनचं टूल असेल, फाइलमागून फाइल प्रोसेस करतंय आणि कंट्रोल सी दाबल्यावर हातातली फाइल पूर्ण करून थांबायचंय, तर यापेक्षा जास्त काही करूच नका. घोळ कुठे होतो तर लूप नेटवर्कवर वाट बघत झोपणारा असेल तेव्हा. तुम्ही फ्लॅग बघितला, शून्य होता, आणि झोपायच्या अगदी आधीच्या त्या चिमूटभर वेळात सिग्नल आला, हँडलरने फ्लॅग १ केला, आणि तुम्ही निवांत झोपलात. आता पुढचा क्लायंट येईपर्यंत कोण उठवणार? टेस्टिंगमध्ये हे जवळपास कधीच दिसत नाही, म्हणून तर जास्त त्रास. पीसिलेक्ट, पीपोल, ईपोल पीवेट हे कॉल याच्यासाठीच आहेत, सिग्नल ब्लॉक करून ठेवायचा आणि झोपतानाच तो उघडायचा, दोन्ही एका झटक्यात. अजून एक फसवी जागा म्हणजे सिगॲक्शनला द्यायचा रीस्टार्टचा फ्लॅग. लोकांना वाटतं तो लावला की ईइंटर एररची, म्हणजे सिग्नलमुळे कॉल मधेच तुटण्याची, कटकट संपली. रीड, राइटची बऱ्यापैकी संपते, पण बऱ्याच सॉकेटवर एकदम वाट बघणारे पोल, सिलेक्ट, ईपोल वेट हे तो फ्लॅग असला तरी ईइंटर देतातच.

सेल्फ-पाइप ही डी. जे. बर्नस्टाइन यांची जुनी युक्ती, आणि मला अजून आवडते. स्वतःच एक पाइप उघडायचा, हँडलरने त्यात एक बाइट टाकायचा, आणि पाइपचं दुसरं टोक तुमच्या पोल किंवा ईपोलमध्ये बाकीच्या सॉकेटसोबत. म्हणजे सिग्नल हा अजून एक क्लायंट झाला. वर सांगितलेली झोपायच्या आधीची फट आपोआप बुजते, कारण बाइट पाइपमध्ये पडून असतो. दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग हवीत हे विसरू नका, नाहीतर पाइप भरला की हँडलरच राइटमध्ये अडकून बसेल, आणि भरल्यामुळे राइट फेल झालं तरी काही बिघडत नाही, आत बाइट आहेच की. आणि हँडलरमध्ये शिरताना एरनो (शेवटच्या एररचा नंबर) बाजूला ठेवून निघताना परत जागेवर ठेवायचा, हे न केल्याने येणारे बग असे विचित्र असतात की देव आठवतो. ही युक्ती लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी सगळीकडे चालते. नोडच्या खालची लिबयूव्ही हेच करते, पायथनचं असिंकआयओ पण आतून असाच एक बाइट लिहून लूपला जागं करतं.

सिग्नलएफडी कर्नल २.६.२२ मध्ये, म्हणजे २००७ ला आलं. यात हँडलरच नाही. सिग्नल ब्लॉक करायचे, एक फाइल डिस्क्रिप्टर घ्यायचा, तो ईपोलमध्ये टाकायचा, आणि वाचला की प्रत्येक सिग्नलमागे १२८ बाइटचं स्ट्रक्चर मिळतं, त्यात पाठवणाऱ्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर), यूआयडी (यूजरचा नंबर) सगळं. फक्त लिनक्सवर. दिसायला इतकं साफ आहे की मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं आता बाकी सगळं जुनं झालं. आणि इथेच दुसऱ्यांदा आपटलो.

झालं काय, आमची सर्व्हिस मधूनमधून एक बाहेरचा प्रोग्राम फोर्क करून, म्हणजे नवी पोर-प्रोसेस काढून, चालवायची. तो अडकला की त्याला किल केलं तरी ढिम्म हलायचा नाही, शेवटी किल वजा नऊ. अर्धा दिवस त्या बिचाऱ्या प्रोग्रामला शिव्या घातल्या. मग प्रॉक फोल्डरमध्ये त्याच्या स्टेटस फाइलमधली सिगबीएलकेची ओळ बघितली, बरेच शून्य आणि शेवटी ४००३. हेक्समध्ये आहे ते, ३ म्हणजे पहिला आणि दुसरा सिग्नल, सिगहप आणि सिगइंट, आणि ४००० म्हणजे पंधरावा, सिगटर्म. तिन्ही ब्लॉक. कोणी केले? मीच! मास्क, म्हणजे ब्लॉक केलेल्या सिग्नलांची यादी, फोर्क आणि एक्झेक (प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्राम चढवणं) दोन्हीतून पोराला वारशाने जातो, मी सिग्नलएफडीसाठी लावलेला मास्क तसाच त्या प्रोग्रामच्या माथी गेला होता. तेव्हापासून फोर्कनंतर, एक्झेकच्या आधी, मास्क मोकळा करायची ओळ माझ्या बोटांतच बसलीय. हँडलर लावलेला असता तर एक्झेक त्याला स्वतःच डीफॉल्टवर आणतो, मास्कला मात्र तो हात लावत नाही, म्हणून सेल्फ-पाइपवाल्यांना हा त्रास नाही.

अजून एक गैरसमज, सिग्नलएफडीने सिग्नल हरवत नाहीत म्हणतात. साधे सिग्नल रांगेत लागतच नाहीत, एक सिगचाइल्ड (पोर मेल्याची खबर देणारा सिग्नल) पेंडिंग असताना अजून चार पोरं मेली तरी तुम्हाला एकच दिसणार. त्यामुळे कुठलीही पद्धत घ्या, सिगचाइल्ड आला की वेटपीआयडी डब्ल्यूनोहँगने लूपमध्ये मारत राहायचं, गोळा करायला कोणी उरलं नाही असं सांगेपर्यंत. नाहीतर झोंबी, म्हणजे मेलेल्या पण गोळा न केलेल्या प्रोसेस, साठतात.

वेगळा थ्रेड आणि सिगवेट. तुमचा प्रोग्राम आधीच मल्टीथ्रेडेड असेल आणि ईपोलचा एक मध्यवर्ती लूप नसेल तर मी डोळे झाकून हेच सांगतो. मेनमध्ये सगळ्यात आधी सिग्नल ब्लॉक करा, मग थ्रेड बनवा म्हणजे सगळ्यांना तोच मास्क मिळतो, आणि एक थ्रेड फक्त सिगवेटवर, म्हणजे सिग्नलची वाट बघत, बसवा. तो थ्रेड साधाच असतो, त्यात प्रिंटएफ करा, म्यूटेक्स घ्या, कॉन्फिग वाचा, काही पण. माझा तो सिगहपवाला प्रकार शेवटी असाच सुटला, हँडलरमधलं फंक्शन जसंच्या तसं उचलून या थ्रेडमध्ये टाकलं. क्रम मात्र चुकवू नका. एखादी लायब्ररी मेनच्या आधीच ग्लोबल कन्स्ट्रक्टरमधून थ्रेड सुरू करत असेल तर त्या थ्रेडला मास्क नसतो, सिगटर्म त्याच्याकडे जातो आणि डीफॉल्टने अख्खी प्रोसेस जाते. पॉझिक्सचं असल्यामुळे मॅकवरही चालतं.

मग घ्यायचं काय? इव्हेंट लूप आहे आणि लिनक्सशिवाय कुठेच चालवायचं नाही, तर सिग्नलएफडी, पण पोरांचा मास्क सांभाळून. इव्हेंट लूप आहे आणि टीममधले अर्धे जण मॅकवर डेव्हलप करतात, तर सेल्फ-पाइप. थ्रेड आहेत, तर सिगवेट. सेगफॉल्टसारख्या सिग्नलला यातलं सिग्नलएफडी आणि सिगवेट दोन्ही कामाचं नाही, तिथे सिगॲक्शनच लागतो. गो भाषेत लिहिणाऱ्यांना रनटाइम हे सगळं झाकून चॅनेलवर सिग्नल देतो, फक्त चॅनेल बफर असलेला घ्या, कारण चॅनेलवर जागा नसेल तर रनटाइम थांबत नाही, सिग्नल सोडून देतो. पायथनमध्ये हँडलर मेन थ्रेडवरच, दोन बाइटकोडच्या मध्ये चालतो, म्हणून सी एक्स्टेंशनमध्ये लांबलचक काम चालू असेल तर कंट्रोल सी दाबून चहा पिऊन या.

आणि हे सगळं करून कंटेनरमध्ये टाकलंत की एकदा डॉकर स्टॉप मारून घड्याळ बघा. बरोबर १० सेकंद लागले तर बहुधा तुमच्या कोडपर्यंत सिगटर्म पोचलाच नाहीये, डॉकरने वाट बघून सिगकिल (तोच किल वजा नऊ) मारलाय. कुबरनेटीसमध्ये हाच आकडा ३०, सिस्टिमडीत साधारण ९०. बहुतेक वेळा तुमचा प्रोग्राम शेल स्क्रिप्टमधून सुरू झालेला असतो, पीआयडी १, म्हणजे कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसचा नंबर, शेलला मिळतो आणि शेल सिग्नल पुढे ढकलत नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीतच, प्रोग्रामच्या नावाआधी, एक्झेक लिहा, मग तुमचाच प्रोग्राम पीआयडी १ होतो. मात्र पीआयडी १ ला सिगटर्मची डीफॉल्ट वागणूक लागू होत नाही, तुम्ही स्वतः काही लावलं नसेल तर कर्नल तो सिग्नल सरळ सोडून देतो, म्हणजे परत तेच १० सेकंद.