बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला वीज: पवनचक्कीत हिस्सा की शेडवर सोलर?

आमचं कोल्ड स्टोरेज तासगाव पट्ट्यात आहे. आधी ढालगावच्या पठारावरच्या एका पवनचक्कीत हिस्सा घेतला, काही वर्षांनी शेडवर सोलर बसवलं. तुमच्याकडे पैसे एकाचेच असतील, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

वाऱ्याचं देणं मोठं आहे. मृग लागला की पठारावरची पाती रात्रीही थांबत नाहीत. संध्याकाळनंतरची महाग वीज मला वाऱ्यानेच वाचवून दिली. ते काम सोलरकडून होत नाही. चांगला आषाढ गेला की बिल हातात घेताना हलकं वाटायचं.

मला नडली ती उघडीप. पावसाने ओढ दिली की वाराही पडतो, हे हिस्सा घेताना माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खंडाच्या दिवसांत अरबी समुद्रावरून येणारा वाऱ्याचा मुख्य झोत दक्षिणेकडे सरकतो. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने बदलते, म्हणजे वेग सेकंदाला 8 मीटरवरून 7 वर आला तरी तिसरा हिस्सा गेलाच. ऑगस्ट 2023 हा देशातला 1901पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या महिन्यात दोनदा पठारावर गेलो, दोन्ही वेळा पाती जेमतेम हलत होती. वर्षाचं गणित ज्या चार महिन्यांवर मांडलेलं, त्यातलाच एक गेला, आणि त्याची भरपाई पुढे हिवाळ्यात होत नाही.

असं पूर्वीही व्हायचं. पण हार्वर्डच्या संशोधकांनी 2018मध्ये मांडलं की हिंदी महासागर तापत गेला तशी 1980पासून भारतातली पवनऊर्जेची क्षमता सुमारे 13 टक्क्यांनी घटली. एका अभ्यासावरून वाऱ्याला मोडीत काढू नये, दशकादशकात तो कमी-जास्त होतच असतो. तरी वीस वर्षांचा हिशेब मांडणाऱ्याने आकडा थोडा हात राखूनच धरावा.

सोलरलाही खोट आहे. पॅनल तापलं की दर अंशाला साधारण 0.4 टक्के उत्पादन उतरतं, धूळ धुवावी लागते, गारपिटीची धास्ती असते. पावसाळ्यात ढगांनी उत्पादन पडतं, पण ते पडणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे हप्त्याची सोय करून ठेवता येते. शिवाय आमचा माल फेब्रुवारी ते मेमध्ये भरतो. कॉम्प्रेसर सर्वांत जास्त ओढतो तो चैत्र-वैशाखातल्या दुपारी, आणि ऊनही तेव्हाच भरपूर असतं.

तुमची सूतगिरणी असेल, रात्रपाळी बारा महिने चालत असेल, तर तुमचं उत्तर वेगळं निघू शकेल. तिथे मी वाऱ्याचा विचार आधी करेन. माझा हिस्सा मी अजून विकलेला नाही. नवीन शेडचं काम मात्र सुरू आहे, आणि तिच्या पत्र्याचा उतार मी दक्षिणेकडे काढायला सांगितला आहे.