नासाचं कॉम्पडॅम: जवळजवळ प्रत्येक आकड्याला चाचणी मागणारं मॉडेल

कार्बन फायबरच्या विमानभागांचं विश्लेषण करणाऱ्याने हे वापरून पाहायलाच हवं. कॉम्पडॅम ही नासाच्या लँगली केंद्राची, अ‍ॅबॅकस एक्स्प्लिसिट या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरला जोडायची फोर्ट्रान सबरुटीन, म्हणजे छोटा प्रोग्राम; भाग कसा तडकेल याचा ती हिशेब करते. कोड खुला आणि फुकट. अ‍ॅबॅकसचं लायसन्स आणि कंपायलर मात्र आपले.

मला ते आवडतं, कारण ते मागतं त्यातले बहुतेक आकडे कूपन, म्हणजे चाचणीचा छोटा नमुना, तोडून मिळतात. एलएस-डायना या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या मॅट ५४ मॉडेलमधला ‘सॉफ्ट’ हा आकडा कुठल्याच कूपनवर मोजता येत नाही. क्रश चाचणीचा कर्व्ह जुळेपर्यंत तो फिरवत बसायचं. मग भूमिती बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

माझा क्रम असा. आधी ±४५ अंशांत फायबर असलेलं कूपन, एएसटीएम या मानक संस्थेची डी ३५१८ चाचणी, त्यातून शिअरचा, म्हणजे कातरणाऱ्या बळाचा, वाकलेला कर्व्ह. मग डीसीबी आणि ईएनएफ या चाचण्या, म्हणजे तडा उघडायला आणि सरकायला किती ऊर्जा लागते ते. दोन्हींच्या मिश्रणासाठी एमएमबी चाचणी. मॅट्रिक्सची, म्हणजे फायबरना धरून ठेवणाऱ्या इपॉक्सीची, आडवी ताणशक्ती ९० अंशांच्या सुट्या कूपनवरून थेट उचलू नका. लॅमिनेटमध्ये, म्हणजे थरांवर थर रचलेल्या भागात, शेजारच्या प्लाय (थर) तड्याला आवरतात, म्हणून तिथली शक्ती जास्त असते आणि प्लायच्या जाडीनुसार बदलते. ती हिशेब करून आपणच द्यायची. इथेच सगळ्यात जास्त कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेलचे आकडे बसवणं, बिघडतं.

मेशचंही तसंच, म्हणजे हिशेबासाठी भागाचे जे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडतो त्या जाळ्याचं. ढोबळ नियम: एलिमेंटची लांबी, दोन गुणिले मॉड्युलस (ताठरपणा) गुणिले तड्याची ऊर्जा, भागिले शक्तीचा वर्ग, याहून कमी हवी. मॉड्युलस ९००० मेगापास्कल, ऊर्जा ०.२४ न्यूटन प्रति मिलिमीटर आणि शक्ती ८० मेगापास्कल धरली तर उत्तर येतं ०.६८ मिलिमीटर. अख्ख्या पॅनेलला एवढी बारीक मेश परवडत नाही, त्यामुळे तडे जाणार तेवढाच भाग बारीक करावा.

आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पावसाळ्यात कूपनं आठवडेन् आठवडे उघडी राहिली की इपॉक्सी ओल पितं आणि शिअरचा कर्व्ह खाली येतो. वेर्ण्याला आमच्या लॅबमधले काका कूपनं सिलिका जेलसकट बंद डब्यात ठेवतात आणि मशीनवर चढवण्याआधी प्रत्येकाचं वजन लिहून ठेवतात. ते वजन मी इनपुटच्या फाइलवर टिपून ठेवते. कोरड्या कूपनचे आकडे आणि ओलं पॅनेल यांची गाठ घालायची नाही, एवढं मी कटाक्षाने पाळते.

तक्रार एकच: शिकायला सोपं नाही. फायबरच्या दिशेला धरून मेश लावावी लागते आणि गुणधर्मांची यादी लांबलचक आहे. पण सोबत एका एलिमेंटच्या पडताळणी चाचण्या येतात; फोंड्याकडे शिकणाऱ्या मुलांना मी आधी त्याच चालवायला लावते.

आणि एएसटीएम डी ७१३६ ची आघात चाचणी, त्यानंतरची डी ७१३७ ची दाब चाचणी, या दोन्हींचे निकाल कॅलिब्रेशनसाठी न वापरता बाजूला ठेवा. मॉडेल खरं की खोटं, हे त्यांच्यावरच ठरवायचं आहे.