एलएलएमचा लघुप्रबंध : हेगच्या दोन न्यायालयांपैकी कोणते?

बलाढ्य राष्ट्रांना आंतरराष्ट्रीय कायद्यापुढे जाब द्यावा लागतो का, हा विषय ठरला की लगेच प्रश्न येतो, राष्ट्राला प्रतिवादी करणारे आंतरराष्ट्रीय न्यायालय घ्यावे, की व्यक्तीला आरोपी करणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय? धुळ्यात दिवाणी वकिली करता करता मी एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, केले, तेव्हा आधी फौजदारी न्यायालयच निवडले होते. राष्ट्रप्रमुखाच्या नावाने वॉरंट निघू शकते, ही कल्पना कोणत्याही वकिलाला भुरळ घालणारी आहे.

अडचण अफगाणिस्तानच्या प्रकरणात आली. अमेरिकी सैनिक व सीआयए यांच्यावरील आरोपही ज्यात होते, त्या तपासाला न्यायाधीशांनी एप्रिल २०१९ मध्ये परवानगी नाकारली. मार्च २०२० मध्ये ती अपिलात मिळाली. त्याच वर्षी अमेरिकेने त्या न्यायालयाच्या अभियोक्त्यांवरच निर्बंध लादले. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये नव्या अभियोक्त्यांनी तालिबान व इस्लामिक स्टेटच्या खोरासान शाखेवर भर देण्याचे जाहीर करून अमेरिकेचा भाग मागे ठेवला. त्यामुळे माझ्या लघुप्रबंधाचे तिसरे प्रकरण तीनदा लिहून झाले. टायपिंगवाल्या भाऊंनी शेवटी ‘साहेब, हे पक्कं झाल्यावरच आणा’ म्हणून पाने परत केली. पुन्हा लिहिण्याचे काही नाही. परंतु इतके होऊनही अमेरिकेच्या वर्तनाबद्दल निकालपत्र म्हणून दाखवावा असा एक कागद हाती आला नाही, याचा मला खरा वैताग आला.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध लावलेल्या दाव्यात तो कागद आहे. अमेरिका सुनावणीतून उठून गेली, तरी २७ जून १९८६ रोजी तिने बळाचा बेकायदा वापर केल्याचा आणि भरपाई देणे लागत असल्याचा निकाल लागला. अंमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत तिनेच नकाराधिकाराने पाडला आणि १९९१ मध्ये निकाराग्वाने भरपाईची मागणी सोडली. आमच्या भाषेत, हुकूमनामा (निकालाचा आदेश) झाला, दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) बारगळली.

मात्र दरखास्त बारगळली म्हणून हुकूमनामा फुकट जातो, असे मला अनुभवाने वाटत नाही. अमळनेर तालुक्यातील माझ्या एका पक्षकाराची बांधाच्या वादातली दरखास्त वर्षानुवर्षे रेंगाळली. बेलिफ दोनदा रिकाम्या हाताने परतला. पुढे समोरच्या भाऊबंदांनी शेत विकायला काढले, तेव्हा गिऱ्हाइकाने हुकूमनाम्याची प्रत वाचली आणि इसार परत मागितला. आठवडाभरात तडजोडीचा निरोप आला. ब्रिटनच्या ताब्यातील हिंदी महासागरातल्या चागोस बेटांबाबत २०१९ मध्ये तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून नुसते सल्लात्मक, म्हणजे बंधनकारक नसलेले, मत मिळाले होते; तरी मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली, अर्थात त्यांतील दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने स्वतःकडे ठेवूनच.

फौजदारी न्यायालय निरुपयोगी आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मार्च २०२३ च्या वॉरंटनंतर पुतिन त्या वर्षीच्या ब्रिक्स परिषदेसाठी जोहान्सबर्गला गेले नाहीत, हे खरेच आहे. पुढच्याच वर्षी ते त्या न्यायालयाचा सदस्य असलेल्या मंगोलियात जाऊन सुखरूप परतले, हेही तितकेच खरे. ज्यांना चालू घडामोडींचा पाठलाग आवडतो आणि ज्यांचे मार्गदर्शक मुदतवाढ देण्याइतके उदार आहेत, त्यांनी तो मार्ग जरूर घ्यावा. फक्त अमेरिकेवरील प्रकरण टायपिंगला सर्वांत शेवटी द्यावे.