इरॅस्मस प्लस : परदेशातील एका सत्राविषयी कृतज्ञतापूर्वक

युरोपीय संघाच्या ‘इरॅस्मस प्लस’ योजनेतून मी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे एक सत्र युरोपातील एका विद्यापीठात शिकून आले. अशा सत्राविषयी लिहिताना बहुतेक जण शहर, प्रवास आणि मैत्री यांचे वर्णन करतात. ते सारे मलाही भरभरून लाभले. परंतु या योजनेचे खरे मोठेपण मला तिच्या कागदपत्रांत दिसले. त्या विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) माझ्या मूळ पदवीत जसेच्या तसे धरले गेले, आणि परदेशी शिकायला गेल्यामुळे माझे शिक्षण लांबले नाही.

ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्यामागे एका बाईची अनेक वर्षांची चिकाटी आहे. इटलीच्या सोफिया कोराडी १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकल्या. मात्र रोमला परतल्यावर कोलंबियातला अभ्यास पदवीसाठी ग्राह्य धरण्यास त्यांच्या विद्यापीठाने नकार दिला. आपल्यावर आलेली ही वेळ पुढच्या विद्यार्थ्यांवर येऊ नये, यासाठी त्यांनी १९६९ मध्ये प्रस्ताव मांडला आणि त्याचा पाठपुरावा सोडला नाही. १९८७ मध्ये ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांसह इरॅस्मस योजना सुरू झाली. २०१५ पासून युरोपाबाहेरच्या भागीदार देशांतील विद्यार्थ्यांनाही तिच्यातून सत्रासाठी जाता येऊ लागले. माझ्यासारखीला ही वाट खुली झाली ती त्यामुळेच, आणि म्हणून आभार मानताना मला सर्वांत आधी कोराडी आठवतात.

प्रत्यक्ष व्यवहार ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ या करारावर चालतो. निघण्यापूर्वी कोणते विषय घेणार, त्यांचे किती श्रेयांक आणि ते मूळ विद्यापीठात कशाच्या जागी मोजले जाणार, हे त्यात लिहिले जाते व विद्यार्थी, मूळ विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ असे तिघेही त्यावर सही करतात. पूर्ण वेळ अभ्यासाच्या एका वर्षाचे ६० श्रेयांक, म्हणजे सत्राचे ३०. आणि एका श्रेयांकामागे साधारण २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. या तासांत व्याख्यानांबरोबर घरचे वाचन, टिपणे, निबंध आणि परीक्षेची तयारीही धरलेली असते, हे ध्यानात ठेवलेले बरे. वेळापत्रकातील मोकळ्या जागा पाहून सत्र हलके असेल असे वाटते. त्या जागा वाचनासाठीच ठेवलेल्या असतात.

त्या वाचनाने मला जे दिले, ते मोजता येणार नाही. चर्चासत्राला येण्यापूर्वी नेमून दिलेले लेख सर्वांनी वाचलेले असत, त्यामुळे प्राध्यापक विषयाची ओळख करून देण्यात वेळ घालवत नसत. थेट लेखकाच्या युक्तिवादातील कच्च्या जागेवर बोट ठेवून आमचे मत विचारत. सुरुवातीला मी गप्प बसे. पण माझे वाक्य अर्धवट राहिले तर ते पूर्ण होईपर्यंत सारा वर्ग थांबतो, कोणी ते माझ्या तोंडून काढून घेत नाही, हे लक्षात आल्यावर मी बोलू लागले. माझ्या विषयाबाहेरचा एक अभ्यासक्रमही मला घेता आला. त्याची तोंडी परीक्षा संपल्यावर प्राध्यापकांनी माझ्या उत्तरातील एका मुद्द्यावर अधिक वाचण्यासाठी पुस्तके सुचवली, आणि माझा प्रबंध आज त्याच मुद्द्याभोवती उभा राहतो आहे. त्या प्राध्यापकांची मी कायम ऋणी राहीन.

पैशांच्या बाबतीत योजना उदार आहे. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही, मासिक निर्वाहभत्ता मिळतो आणि प्रवासाची रक्कम अंतरानुसार ठरते. तरीही भत्त्याचा पहिला हप्ता हाती पडेपर्यंत आपल्याजवळ पैसे असणे आवश्यक आहे. माझा हप्ता एका कार्यालयातील दिरंगाईमुळे बराच उशिरा आला आणि तोवरचे घरभाडे मला स्वतःच्या बचतीतून द्यावे लागले. निवासाची हमी योजना देत नाही, हा तिचा सर्वांत दुबळा भाग आहे असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी वसतिगृहांच्या प्रतीक्षायाद्या लांब असतात, म्हणून निवडीचे पत्र येताच अर्ज करावा. व्हिसाची धावपळही विद्यार्थ्यालाच करावी लागते. या काळात मला ‘इरॅस्मस स्टुडंट नेटवर्क’च्या स्वयंसेवकांचा फार आधार मिळाला. स्वतः विद्यार्थी असलेली ही मंडळी कोणताही मोबदला न घेता नवख्यांना नगरपालिकेतील नोंदणीपासून बँकेच्या खात्यापर्यंत सोबत करतात.

गुणांचे रूपांतर हा आणखी एक नाजूक विषय. फ्रान्समध्ये गुण २० पैकी असतात, इटलीत ३० पैकी, तर जर्मनीत १.० ही सर्वोत्तम श्रेणी आणि ४.० ही उत्तीर्णतेची सीमा. नुसता आकडा पाहून आपल्याकडचे कार्यालय चांगल्या विद्यार्थ्याला सहज खाली ढकलू शकते. यजमान विद्यापीठाकडून श्रेणीवितरणाचा तक्ता मागून घ्यावा; कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळते हे त्यावरून दिसते. माझ्या बाबतीत मूळ विभागातील समन्वयकांनी तो तक्ता समोर ठेवून प्रत्येक श्रेणी पडताळली. इतक्या आस्थेने हे काम करणारी व्यक्ती आपल्या विभागात आहे का, याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी, कारण सत्राचे यश बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते.

या सत्रासाठी विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे थेट अर्ज करता येत नाही. आपल्या विद्यापीठाचा यजमान विद्यापीठाशी करार असावा लागतो आणि निवडीची सुरुवात आपल्याच विद्यापीठात होते. तेव्हा ज्यांना जायचे आहे त्यांनी आंतरराष्ट्रीय विभागात जाऊन चालू करारांची यादी आणि त्यांतील विषय विचारावेत. आपला विषय त्यात असेल तर ही संधी सोडू नये, असे मी मनापासून सांगेन.