'हप्ते थांबवा, बँकेचा फोन उचलू नका': कर्ज मिटवून देणाऱ्यांकडून झालेली फसवणूक

अंगावर आधीच कर्ज आहे, त्यात घरात अचानक मोठा खर्च उपटला आहे आणि "तुमची सगळी कर्जं अर्ध्यात मिटवून देतो" असं सांगणारा कोणी भेटला आहे, अशी तुमची स्थिती असेल तर त्याला एक पैसाही देण्याआधी हे वाचा. आमच्या बाबतीत काय झालं ते मी मुद्दाम तपशिलात लिहिते आहे. ही माणसं कशी बोलतात, कुठल्या क्रमाने बोलतात, हे आधी कानावरून गेलेलं असेल तर वेळीच ओळखता येतं.

आमचं कर्ज चारचौघांसारखंच होतं. घराचं कर्ज, एक पर्सनल लोन आणि दोन क्रेडिट कार्डं. हप्ते वेळच्या वेळी जात होते. मग सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. विमा होता, पण पॉलिसीत खोलीच्या भाड्याला मर्यादा होती आणि आम्हाला मिळालेली खोली त्याहून महाग होती. अशा वेळी फक्त भाड्यातला फरक कापतात असं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळ्यालाच त्याच प्रमाणात कात्री लागली. उरलेलं बिल कार्डावर गेलं. त्याच सुमारास नवऱ्याच्या कंपनीत पगार लांबायला लागले आणि आम्ही दोन्ही कार्डांवर फक्त 'मिनिमम ड्यू' भरू लागलो.

हे मिनिमम ड्यू प्रकरण नीट समजून घ्या, कारण माणूस हतबल होतो तो इथेच. किमान रक्कम साधारण थकबाकीच्या पाच टक्के असते. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर भरलेल्यातला मोठा भाग व्याज आणि त्यावरच्या करातच जातो, मुद्दल जेमतेम एक टक्क्याने हलतं. महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण चक्रवाढीने ते वर्षाला ५१ टक्क्यांच्या वर जातात. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत संपते, त्यामुळे सासूबाईंच्या औषधांवरही घेतल्या दिवसापासून व्याज लागत होतं. दर महिन्याला भरतोय आणि आकडा तसाच, हे बघून झोप उडाली होती.

अशात मोबाइलवर एक जाहिरात दिसली. 'कर्जमुक्ती', 'कायदेशीर मार्ग', 'रिकव्हरी एजंटांपासून संरक्षण'. मी नाव-नंबर भरला आणि थोड्याच वेळात फोन आला.

पहिल्या फोनवर त्याने पैशाचा विषयच काढला नाही. सासूबाईंची चौकशी केली. "मॅडम, तुम्ही कर्ज बुडवणाऱ्यातल्या नाही, हे तुमच्या बोलण्यावरूनच कळतं. बँका तुमच्यासारख्यांनाच पिळतात," म्हणाला. बरेच दिवस आमच्याशी कोणी इतक्या आपुलकीने बोललं नव्हतं. दुसऱ्या फोनवर योजना आली. सगळे हप्ते आजपासून बंद करा. पगार दुसऱ्या बँकेत नवं खातं काढून तिकडे वळवा, म्हणजे हप्ता आपोआप कापला जाणार नाही. बँकेचा फोन आला तर उचलू नका, नंबर आम्हाला पाठवा. "नव्वद दिवस जाऊ द्या. खातं एनपीए (बँकेच्या हिशेबात थकीत कर्ज) झालं की बँक स्वतःहून अर्ध्यावर येते. बाकी सगळं आमच्यावर सोडा."

यातली नव्वद दिवसांची गोष्ट खरी आहे, आणि तीच सगळ्यात घातक आहे. भारतात नव्वद दिवसांच्या वर हप्ता थकला की बँकेला ते कर्ज एनपीए धरावं लागतं, आणि अशा काही कर्जांत बँका तडजोडही करतात. इंटरनेटवर शोधलंत तर हे सगळं पडताळता येतं, आम्हीही पडताळलं होतं. जे तो सांगत नाही ते असं: तडजोड करायची की नाही, कितीवर करायची, हे फक्त बँक ठरवते. बाहेरच्या कुठल्याही कंपनीला त्याची हमी देता येत नाही. आणि तडजोड झालीच तर क्रेडिट रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) ऐवजी 'सेटल्ड' (कमी रकमेत मिटवलेलं) असा शेरा पडतो. पुढचं कर्ज मागायला गेलात की तो शेरा आधी दिसतो.

त्याने घराच्या कर्जाचा हप्ताही थांबवायला सांगितला होता. नवरा तिथे अडून बसला, "घराला हात लावायचा नाही" म्हणाला, आणि तो हप्ता चालू राहिला. आज त्याचं मोल कळतं. घर तारण असताना बँक अर्ध्यावर कशाला येईल? एनपीए झाल्यावर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेण्याची प्रक्रिया बँकेला सुरू करता येते. तारण असलेलं कर्ज आणि विनातारण कार्ड एकाच मापाने मोजणारा सल्लागार दिसला, तर तिथूनच परत फिरा. नवऱ्याने नकार दिला तेव्हा त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा बदलला. "मग रिझल्टची जबाबदारी आमची नाही," असं म्हणाला.

फी आधी घेतली. एकूण थकबाकीच्या ठरावीक टक्के नोंदणी फी, मग दरमहा सेवाशुल्क. म्हणजे बँकेला जायचे ते पैसे त्यांच्याकडे जायला लागले. करारपत्र आलं, त्यावर कर्ज मिटवून देण्याचा शब्दसुद्धा नव्हता, फक्त 'सल्ला व मार्गदर्शन सेवा' आणि 'शुल्क परत मिळणार नाही'. फोनवर दिलेलं प्रत्येक वचन कागदावरून गायब होतं. आगाऊ फी हेच या धंद्याचं मूळ आहे, हे इतर देशांनी केव्हाच ओळखलंय. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये नियम केला, की फोनवरून अशी सेवा विकणाऱ्याने किमान एक कर्ज प्रत्यक्ष मिटवून आणि ग्राहकाने त्यापोटी एक तरी भरणा केल्याशिवाय फी घ्यायची नाही. काम झाल्यावर पैसे, एवढीच ती अट आहे. आमच्या माणसाला ही अट घातली असती तर त्याने दुसरा फोन केला नसता.

पुढचे महिने वाईट गेले. हप्ता बाऊन्स झाल्याचा दंड, उशिराचा दंड, व्याज, सगळं चढत गेलं. फोन माझ्या ऑफिसपर्यंत पोचले. कर्ज मिटवून देणाऱ्या त्या कंपनीला विचारलं की उत्तर ठरलेलं, "हे होतंच मॅडम, म्हणजे बँक दबावात आली." मग वकिलाची नोटीस आली, तर तिच्या उत्तरासाठी वेगळी फी. बाऊन्सबद्दल त्याने आधी सांगितलं होतं की "ही दिवाणी बाब आहे, काही होत नाही." तेही खोटं. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली खात्यात पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक हप्ता परत जाणं हा चेक बाऊन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. खातं मुद्दाम रिकामं ठेवायला सांगणारा माणूस आपल्याला कुठे ढकलतोय, हे तेव्हा उमगलं.

आणि मग ते पत्र आलं. पर्सनल लोनचं तडजोड पत्र, बँकेचा लोगो, निळा शिक्का, थकबाकीच्या निम्म्याहून कमी रक्कम. अट अशी की पहिला भाग दोन दिवसांत भरायचा, नाहीतर ऑफर रद्द. आम्ही अक्षरशः सुटलो असं वाटलं. नणंदेकडून उसने घेतले आणि भरले. दुसऱ्या भागासाठी पुन्हा तिलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, पत्र तर पाठव." तिने ते आमच्या जुन्या कर्जाच्या स्टेटमेंटशेजारी ठेवलं आणि विचारलं, "हा नंबर कर्जखात्याचा आहे का गं?" नव्हता. शेवटचे चार आकडे आमच्या कार्डाचे होते, पुढे नुसती शून्यं. खाली 'अधिकृत स्वाक्षरी' असं छापलेलं, पण सही करणाऱ्याचं नाव नाही, हुद्दा नाही, शाखा नाही. पैसे भरायचं खातं दुसऱ्याच बँकेतलं, एका अनोळखी फर्मच्या नावाचं. खरी तडजोड असली तर पैसे तुमच्या स्वतःच्या कर्जखात्यातच जमा होतात. एवढी एक गोष्ट तपासली तरी पत्र खरं की खोटं ते बऱ्याच अंशी कळतं.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी ते एकदा वाचलं आणि म्हणाल्या, "हे आमच्याकडून गेलेलं नाही." कंपनीतून कोणी बँकेशी कधी बोललं होतं का, असं विचारलं. आमच्या खात्यावर तशी एकही नोंद नव्हती. इतके महिने पैसे घेऊन त्यांनी बँकेला एक ईमेलसुद्धा केला नव्हता.

मग त्या बाईंनी जे सांगितलं ते मला सगळ्यात जास्त लागलं. हप्ते थकायच्या आधी आलो असतो, तर पर्सनल लोनची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज करता आला असता. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून घेता आली असती. फी नाही, वकील नाही. मिळेलच असं नाही, पण खातं नियमित असताना मागणाऱ्याचं पारडं जड असतं. ज्या दारावर ही सवलत मिळू शकत होती, त्या दाराशी बोलू नका हीच त्या माणसाची पहिली सूचना होती. त्याला ते सांगणं भागच होतं, कारण आम्ही बँकेशी एकदा जरी बोललो असतो तरी त्याचा धंदा तिथेच संपला असता. हप्ते काही काळ थांबवण्यात गैर काही नाही, पण ते कर्ज देणाऱ्याला माहीत असायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून 'ब्रीदिंग स्पेस' नावाची योजना आहे. मान्यताप्राप्त सल्लागारामार्फत साठ दिवस वसुली आणि बहुतेक कर्जांवरचं व्याज थांबतं, आणि सावकारांना तसं अधिकृतपणे कळवलं जातं. आमच्या कंपनीने अशाच थांबण्याचं नाव सांगून आम्हाला बँकेपासून लपायला लावलं होतं.

वसुलीच्या फोनची भीती हे त्यांचं दुसरं हत्यार. त्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, धमकी आणि बदनामी चालत नाही. एजंट मर्यादा सोडत असेल तर तारीख-वेळ लिहून बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. या संरक्षणासाठी आम्ही दरमहा शुल्क भरत होतो.

आम्ही १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. तुमच्यावर ही वेळ आलीच तर हे काम आधी करा, कारण पैसे पुढच्या खात्यात वळायच्या आत पकडता आले तरच अडवता येतात. आमचे पहिल्या भागाचे पैसे तोवर निघून गेले होते. सेवाशुल्क ज्या आदेशाने आपोआप कापलं जायचं तो आदेश बँकेतून रद्द केला. नुसता ॲप काढून टाकून तो रद्द होत नाही, हेही तेव्हाच कळलं. करारपत्र, खोटं पत्र, पावत्या, मेसेजचे स्क्रीनशॉट पोलिसांना दिले, तपास चालू आहे. बँकेने पर्सनल लोनची मुदत वाढवून दिली, एक कार्ड हप्त्यांत बसवलं. दुसऱ्या कार्डावर खरोखरच तडजोड करावी लागली आणि त्याचा 'सेटल्ड' शेरा आमच्या रिपोर्टवर आहे.

एक गोष्ट राहिली. तक्रारीनंतर काही आठवड्यांनी एका बाईंचा फोन आला. त्यांना कंपनीचं नाव माहीत होतं, आम्ही भरलेली रक्कमसुद्धा अचूक माहीत होती. "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त कोर्टाची प्रोसेसिंग फी आधी भरावी लागेल." एकदा फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते, आणि दुसरा फोन याच यादीवरून येतो. सरकारी अधिकारी, वकील, ग्राहक मंच, कुठलंही नाव सांगतील. पैसे परत मिळवण्यासाठी आधी पैसे मागितले की फोन ठेवा. आम्ही तो नंबर आधीच्याच तक्रारीला जोडून दिला आहे.