पंचवटीतल्या उपाध्यांकडे वंशावळ शोधायला गेलो होतो, त्याचा पूर्ण अनुभव

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

सुरुवात बाबांमुळे झाली. दरवर्षी आजोबांच्या श्राद्धाला गुरुजी नावं विचारतात, पिता, पितामह, प्रपितामह, तिथपर्यंत बाबा धडाधड सांगतात, मग माता, पितामही आणि प्रपितामही म्हटलं की बाबा थांबतात. पणजीचं नाव त्यांना माहीतच नाही. गुरुजी म्हणतात नसेल माहीत तर राहू दे, पुढे चला, आणि विधी पुढे जातो, पण बाबांचा चेहरा तेवढ्यापुरता पडतो तो मी लहानपणापासून बघत आलेय. यंदा ठरवलं की हे नाव शोधायचंच.

आमचं मूळ गाव पारोळ्याजवळ, जळगाव जिल्हा. आधी सगळे करतात तेच केलं. जुने सातबारे, फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी हे सगळं कागद बाहेर निघालंय, बऱ्याच जिल्ह्यांनी स्कॅन करून वेबसाईटवर टाकलंय, त्यामुळे पूर्वीपेक्षा काम खूप सोपं झालंय हे खरं. आणि आम्हाला मिळालंही भरपूर, म्हणजे पुरुष मिळाले. पणजोबा, त्यांचे वडील, त्यांचे दोन भाऊ. बाई एकही नाही. जुन्या फेरफारात मयत झाल्यावर वारस म्हणून मुलगे लागायचे, मुलींचा हक्क कायद्याने आला १९५६ मध्ये, त्याच्या आधीच्या कागदात मुलगी किंवा सून दिसली तर नशीब समजा. आमच्या गावच्या कोतवाल बुकात तर जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि पुढे नुसतं मुलगा किंवा मुलगी, बस. आईचं नाव नाहीच.

मग आत्या म्हणाली, अगं आपले नाशिकचे उपाध्ये आहेत की, तुझे आजोबा जायचे त्यांच्याकडे. हे आधी कोणी का नाही सांगितलं असं झालं मला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाशिक आणि त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळी असतात. पूर्वी तीर्थाला, अस्थी घेऊन किंवा सिंहस्थाला जो कोणी यायचा त्याचं नाव, बापाचं, आज्याचं, भाऊ, मुलं, बायको, आई, गाव, सगळं त्या वहीत लिहून ठेवायचे. यजमानाला लिहिता येत असेल तर त्याच्याच हातचा लेख, नसेल तर उपाध्ये लिहिणार आणि खाली निशाणी. गावांची आणि समाजांची वाटणी ठरलेली, अमुक तालुक्याचे लोक अमुक घराण्याचे यजमान, ते पिढ्यान् पिढ्या तसंच चालू. आणि यातली खरी गोष्ट ही की इथे बायकांची नावं असतात, कारण श्राद्धाला ती लागतातच! आई, आजी, पणजीला पिंड द्यायचा तर नाव हवं, म्हणून लिहून ठेवलेलं. सरकारला ज्या बाईचं नाव नको होतं तिचं नाव या वहीत सापडतं.

मी आणि आत्या ठाण्याहून सकाळच्या गाडीने गेलो, नाशिकरोडहून रिक्षाने रविवार कारंजा, तिथून चालत रामकुंड. घाटावर पाय ठेवल्या ठेवल्या दोघेतिघे आले, गाव कोणतं, आडनाव काय. हा प्रश्न चुकीचा नाही, तिथली पद्धतच ती आहे, त्याच्यावरूनच तुमचे उपाध्ये कोण ते कळतं. पण एक जण म्हणाला आम्हीच तुमचे, चला आधी पूजा करून घेऊ. अशा वेळी सरळ म्हणायचं की गुरुजी आधी वही दाखवा, आमच्या घरातला एक तरी लेख दाखवा. ज्यांच्याकडे असतो ते दाखवतातच. दुसऱ्या एका वयस्कर गुरुजींनी मात्र नीट विचारलं, तालुका कोणता, तेव्हाचा सांगा, आणि मग म्हणाले पारोळ्याकडचे आमच्या नात्यातल्यांकडे, काळारामाच्या बाजूला जा. स्वतःचं काहीही नसताना पत्ता समजावून सांगितला त्यांनी.

तिथे गेलो तर भाऊहिस्से झालेले, अर्ध्या वह्या या घरात आणि अर्ध्या चुलतभावाकडे. आमच्या गावाची वही चुलतभावाकडे निघाली. जुना वाडा, लाकडी जिना, वह्या वरच्या मजल्यावर लाल कापडात बांधून लाकडी कपाटात. खाली का नाही ठेवत विचारलं तर गुरुजींनी हात नुसता गोदावरीकडे केला. २००८ चा पूर त्यांच्या घरात शिरला होता, वह्या वर होत्या म्हणून वाचल्या म्हणाले.

गुरुजी साठीचे असतील, आत्याला आक्का म्हणत होते आणि मला ताई. पहिला प्रश्न, आजोबा कधी आले होते? आत्या म्हणाली सिंहस्थाला, मी अगदी लहान होते. त्यांनी १९५६ ची वही काढली आणि वीसेक मिनिटांत पान उघडून आत्यासमोर ठेवलं. निळ्या शाईत आजोबांचं अक्षर. आत्या ते अक्षर लगेच ओळखली, कारण आजोबा र काढताना शेपूट खाली लांब ओढायचे, तिच्या शाळेच्या प्रगतीपुस्तकावरच्या सह्यांमध्ये पण तसाच र होता म्हणे. आणि खाली मुलांच्या नावांनंतर, कन्या, आणि तिचं नाव, वय वर्षे ३. आत्या आता बहात्तरची आहे. ती काही बोलली नाही, चष्मा काढून पुसला आणि परत वाचायला लागली, मी पण मध्ये बोलले नाही.

पण आम्हाला हवं होतं त्याच्या मागचं. गुरुजी म्हणाले सिंहस्थाचे यजमान बहुतेक आधीच्या सिंहस्थाचे पण असतात, मग १९४४ बघितलं, नाही, १९३२ नाही, १९२० ला सापडलं. ही वही मोडीत, हातकागदावर, कडा कसरीने खाल्लेल्या. शके १८४२, रौद्रनाम संवत्सर. (शक दिसला की ७८ मिळवायचे, जानेवारी ते पाडवा असेल तर ७९.) जिल्हा पूर्व खानदेश लिहिलेला, तेव्हा जळगावचं नाव तेच होतं. गुरुजींनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, पणजोबांचं नाव, बिन (म्हणजे मुलगा) त्यांचे वडील, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले, आणि मातोश्रींचं नाव. पूर्ण नाव, कोम अमुक, म्हणजे अमुकची बायको. खाली निशाणी डावे हाताचा अंगठा. शाई उडालीय पण अंगठ्यावरच्या रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट. आत्याने स्वतःचा अंगठा त्याच्या शेजारी धरून बघितला, कागदाला न लावता.

ते नाव मी इथे लिहीत नाही. बाबांनी ते श्राद्धाला आधी उच्चारावं असं मला वाटतं.

पूर्ण पानाचा फोटो काढू दिला नाही, कारण त्याच पानावर इतर घरांची माहिती असते, आणि ते मला पटलं. बाकीचं पान कागदाने झाकून फक्त आमच्या ओळींचा फोटो घ्या म्हणाले. पैसे मागितलेच नाहीत, स्वखुशीने काय ते द्या, मी अकराशे दिले. एकूण पावणेतीन तास गेले आमचे, चहा दोनदा झाला.

आता अर्धा मार्क कशाला कापला. एक तर सूची नाही, सगळं गुरुजींच्या डोक्यात, ते त्या दिवशी कुठे बाहेर गेले असते तर त्यांच्या मुलाला मोडी येत नाही, आम्ही हात हलवत परत आलो असतो. त्या मुलाने शिकायला हवं, मी त्याला तसं सांगितलंही, तो हो म्हणाला. दुसरं म्हणजे या वह्यांचं स्कॅनिंग घरच्या घरी तरी व्हायला पाहिजे, एक पूर आणि एक कसर पुरेशी आहे.

उपाध्यांशी संबंध नसलेली एक तक्रार पण आहे. मला लेखी लिप्यंतर हवं होतं म्हणून घरी येऊन ऑनलाईन एका मोडी वाचकाला फोटो पाठवला, चारशे रुपये घेतले आणि त्याने कोमचं कौम वाचून नवऱ्याचं नाव जात म्हणून टाकलं. मोडीत शब्द तोडत नाहीत, एका रेघेखाली सलग चालतात, त्यामुळे चूक होऊ शकते मान्य, पण बिन म्हणजे अमक्याचा मुलगा आणि कोम म्हणजे अमक्याची बायको एवढं तरी हे काम घेणाऱ्याला माहीत पाहिजे की नाही? मी गुरुजींच्या तोंडून ऐकलं होतं म्हणून पकडलं. ज्याने ऐकलं नसेल त्याच्या घरात पणजी परत हरवली. तेव्हा कोणी वाचून दाखवत असेल तर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, विचारून.

ज्यांच्या घरी पाटीलकी, कुलकर्ण किंवा इनाम होतं त्यांनी पुण्याच्या पुराभिलेखागारात पण जावं, १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढे लोकांनी हक्क सांगायला वंशावळी दिल्या होत्या. आमच्यासारख्या साध्या शेतकरी घरांना तिथे फार मिळत नाही असं माझं मत.

जाणार असाल तर पितृपक्ष टाळा, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि सिंहस्थाच्या २०२६-२७ च्या गर्दीत तर शोधाशोध नकोच. जाताना तीन गोष्टी घेऊन जा: मूळ गाव आणि जुना तालुका, आजोबांपर्यंतची नावं, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस. मी एकटी गेले असते तर १९५६ चं पान उघडलंच नसतं.

निघताना गुरुजींनी चालू वही पुढे केली, तुमचा लेख करा म्हणाले. आत्याने मला लिहायला सांगितलं. बाबा, आई, मी, नवरा, माझ्या दोन्ही मुली, त्यांची पूर्ण नावं, आत्या आणि तिच्या सुना पण. पान भरलं, उरलेलं समासात लिहिलं. आता आईच्या माहेरचं बघायचंय, ते त्र्यंबकला निघेल असं गुरुजी म्हणाले, दिवाळीनंतर मामीला घेऊन जाणार आहे.