चेक टपालात असताना पैसे कुठे दाखवायचे? ‘पोर्टफोलिओ परफॉर्मन्स’चा अनुभव

नवऱ्याने नोकरी बदलली आणि गेल्या मार्चमध्ये आम्ही त्याचं जुन्या कंपनीतलं ४०१-के (अमेरिकेतलं कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं) आयआरएमध्ये (स्वतः उघडायचं निवृत्ती खातं) हलवलं. अकरा वर्षांची पुंजी होती ती. घरचा जमाखर्च मी बघते, त्यामुळे नोंदीही माझ्याकडेच.

तोवर मी दुसरं एक अ‍ॅप वापरत होते, खात्यांना आपोआप जोडून घेणारं. जुनं खातं रिकामं झालं त्या दिवशी त्यात लाखाहून जास्त डॉलर ‘काढले’ असं दिसलं. आलेख धाडकन खाली आला, आणि दोन आठवड्यांनी तीच रक्कम ‘नवी गुंतवणूक’ म्हणून वर चढली. आम्ही एक डॉलर काढला नव्हता की घातला नव्हता. अकरा वर्षांत पदरचे किती घातले आणि त्यावर किती वाढले, हा हिशोबच त्यात बिघडला. मला ते फार लागलं.

म्हणून पोर्टफोलिओ परफॉर्मन्स हे गुंतवणुकीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, मूळ जर्मनीतलं. फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, तिला पासवर्ड घालता येतो. रोख रकमेचं खातं वेगळं आणि फंडांचं वेगळं ठेवायचं, ही त्याची पद्धत अंगवळणी पडायला मला दोन-तीन रात्री लागल्या. पण रोलओव्हरसाठी, म्हणजे एका निवृत्ती खात्यातून दुसऱ्यात पैसे हलवताना, तीच उपयोगी पडली.

आमचे फंड जसेच्या तसे हलणार नव्हते. आधी सगळे विकले गेले, मग दोन चेक घरी आले: एक ८६,४१२.३७ डॉलरचा, दुसरा रॉथ भागाचा (कर भरून झालेल्या पैशांतून घातलेला), २१,९०५.६० डॉलरचा. दोन्ही नव्या ब्रोकरच्या नावाने, पुढे ‘एफबीओ’ (‘यांच्या लाभासाठी’) आणि नवऱ्याचं नाव. चेक थेट त्याच्या नावाने निघाला असता तर करपात्र रकमेतले २० टक्के आधीच कापले गेले असते आणि ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरण्यासाठी ती तूट खिशातून घालावी लागली असती.

विक्री ३ मार्चची आणि नव्या खात्यात जमा १७ मार्चला. मधले दिवस पैसे कुठे? मी ‘टपालात’ नावाचं रोखीचं तिसरं खातं उघडलं. चेक निघाले त्या तारखेला ४०१-केमधून ‘टपालात’ आणि १७ तारखेला ‘टपालात’मधून आयआरएमध्ये, असे दोन ट्रान्सफर टाकले. रॉथचे वेगळे, कारण ते रॉथ आयआरएमध्ये गेले. ‘टपालात’ची शिल्लक शून्य झाली आणि एकूण आलेखात खड्डा पडला नाही. अकरा वर्षांचा परतावा सलग दिसला तेव्हा खरंच हायसं वाटलं.

इथे ‘रिमूव्हल’ आणि ‘डिपॉझिट’ अजिबात वापरू नका, ते बाहेर गेलेल्या आणि बाहेरून आलेल्या पैशांसाठी आहेत. कुणाचे फंड न विकता हलत असतील तर ‘सिक्युरिटीज ट्रान्सफर’ करा, मूळ खरेदीची किंमत सोबत जाते. जुनं खातं पुसू नका. ते निष्क्रिय करता येतं, यादीतून दिसेनासं होतं आणि इतिहास शाबूत राहतो.

कष्ट आहेतच. अमेरिकेतल्या खात्यांना हे आपोआप जोडलं जात नाही. व्यवहारांची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) आणा नाहीतर हाताने भरा. ४०१-केमधल्या ज्या ट्रस्ट फंडांना टिकर (बाजारात भाव शोधायचं छोटं चिन्ह) नसतो त्यांचे भावही आपणच घालायचे. मी तिमाही स्टेटमेंट घेऊन बसले, चार रविवार गेले.

यंदा जानेवारीत दोन १०९९-आर (निवृत्ती खात्यातून निघालेल्या पैशांचे कराचे फॉर्म) आले, एकावर थेट रोलओव्हरचा कोड जी, रॉथच्यावर रॉथ आयआरएमध्ये थेट रोलओव्हरचा एच. करपात्र रक्कम दोन्हीवर शून्य. ट्रान्सफरच्या नोंदींशी आकडे सेंटपर्यंत जुळले. फाइल कुठे आहे आणि पासवर्ड कुठे लिहिलाय, ते त्याच संध्याकाळी नवऱ्याला दाखवून ठेवलं.